चमत्कार नसलेलं घर

शाळेत असताना एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्यांना 'स्मरणचित्र' हा पेपर आठवत असेल. विषय साधारण ठरलेले असायचे: भाजी मंडई, बसस्टॉप, रंगपंचमी, पावसाळ्यातला दिवस. तयारीही ठरलेली. आमच्या क्लासच्या सरांनी दहा-बारा माणसं पाठ करून घेतली होती. डोक्यावर टोपली घेतलेली पाठमोरी बाई, फुगेवाला, छत्री धरलेला माणूस, आईचं बोट धरून चालणारं मूल, सायकलवाला. विषय कुठलाही येवो, हीच माणसं इकडची तिकडे सरकवून कागदावर बसवायची. बसस्टॉप आला तर मागे पाटी, मंडई आली तर पुढे कांद्यांचा ढीग. पाठमोरी बाई सगळ्यांची लाडकी, कारण तिचं नाक-तोंड काढावं लागत नाही.

म्हणजे पेपरचं नाव स्मरणचित्र, आणि स्मरण कशाचं, तर सरांनी फळ्यावर काढून दाखवलेल्या माणसांचं. वर्गातली आम्ही सगळी शिर्डीची मुलं. रोज शाळेत जाताना दिसणारी शिर्डी आमच्यापैकी एकानंही काढली नाही. आंध्र-तेलंगणाच्या पाट्यांच्या बसगाड्या, पार्किंगच्या मैदानात स्टोव्ह पेटवून भात शिजवणारी माणसं, गाडी गावात शिरली की तिच्याबरोबर धावणारे पॉलिशवाले (बाहेरच्या वाचकांसाठी: भाविकांना हॉटेलपर्यंत आणि फुलांच्या दुकानापर्यंत नेऊन कमिशन घेणारे), लॉजच्या गच्चीवर एका ओळीत वाळणाऱ्या चाळीस पांढऱ्या चादरी. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं, पण हे 'चित्र' असू शकतं असं कुणी म्हटलं नव्हतं. आम्हाला न बघता काढता येणारं खरं चित्र एकच होतं. एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकून दगडावर बसलेले बाबा. डोक्याचं फडकं, दाढी, कफनी, झालं. चार मिनिटांत.

हे सगळं सांगायचं कारण माधुरी पुरंदरे. त्यांची चित्रपुस्तकं मी लहानपणी वाचली नाहीत. ती हातात पडली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, हिंजवडीत नोकरी करत होतो आणि भाचीच्या वाढदिवसाला काय न्यावं या विवंचनेत पुण्यातल्या एका पुस्तकाच्या दुकानात उभा होतो. दुकानदारानं 'राधाचं घर'चा संच पुढे केला. छोटी, पातळ पुस्तकं. मी उभ्या उभ्या एक वाचलं, मग दुसरं. मग खाली बसलो.

ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: राधा नावाची लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. एकेका माणसाचं एकेक पुस्तक. गोष्ट म्हणावी अशी गोष्ट त्यात नाही. कुणी हरवत नाही, कुणाला धडा मिळत नाही, शेवटी कुणी शहाणं होत नाही. घरातलं माणूस दिवसभरात कसं कसं असतं, ते एका लहान मुलीच्या उंचीवरून दिसतं, इतकंच. पुस्तक संपतं तेव्हा तुम्हाला त्या माणसाच्या सवयी ठाऊक झालेल्या असतात.

सव्वीस वर्षांच्या माणसाला यात काय एवढं सापडावं? मला वाटतं, घराला 'घर' नावाचा विषय म्हणून कुणीतरी इतक्या गंभीरपणे घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मराठी मुलांच्या पुस्तकांत घर असतंच, पण बहुतेक वेळा ते निघण्याची जागा असतं. तिथून राजपुत्र निघतो, फास्टर फेणे निघतो, सुट्टीतली टोळी निघते, आणि गंमत पुढे बाहेर घडते. किंवा घर हे संस्काराचं ठिकाण असतं, म्हणजे तिथे आजी पाटावर बसून काहीतरी शिकवते. राधाच्या घरात माणसं नुसती राहतात. पुरंदरे यांची रेघ बारीक आहे, रंग हलके आहेत, आणि लक्ष सगळं माणसाच्या बसण्या-उठण्याकडे आणि आजूबाजूच्या वस्तूंकडे. चित्रातली वस्तू सजावटीसाठी ठेवलेली वाटत नाही, कुणीतरी आत्ता वापरून तिथे ठेवली असावी असं वाटतं. सरांची पाठमोरी बाई इथे चालणार नाही, कारण इथे प्रत्येक माणसाला स्वतःचं नाक आहे.

लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असल्याचा फायदाही इथे कळतो. मजकूर जे सांगतो तेच चित्रानं पुन्हा काढून दाखवायचं, ही आपल्याकडच्या अनेक बालपुस्तकांची खोड आहे. 'झाडावर पोपट बसला' असं वाक्य, आणि वर झाडावर पोपट. असं पुस्तक वाचणाऱ्या मुलाला चित्राकडे बघायची गरजच उरत नाही. पुरंदरे यांच्या पुस्तकात वाक्य थोडंसं बोलून गप्प बसतं आणि उरलेलं चित्रावर सोडतं. वाक्यंही बघा. लाडिक बोबडेपणा नाही, 'बाळांनो' नाही. घरात मोठी माणसं मुलांशी बोलतात तशी सरळ मराठी. लहान मुलाला कळेल इतकं सोपं लिहायचं आणि तरी त्याला खुळं समजायचं नाही, हे किती अवघड आहे ते पाहायचं असेल तर एकदा ॲपमधल्या सूचना मराठीत लिहून बघा. मी कामाचा भाग म्हणून लिहिल्या आहेत. तीन शब्दांच्या बटणावर अर्धा दिवस जातो.

या पुस्तकांमागच्या माणसाकडे वळलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते, आणि ती कुणी फारशी बोलून दाखवत नाही. माधुरी पुरंदरे यांचा जन्म १९५२चा, पुण्यातला. वडील बाबासाहेब पुरंदरे, 'राजा शिवछत्रपती' लिहिणारे, 'जाणता राजा' रंगमंचावर आणणारे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर शिवकाल उभा राहतो तो बऱ्याच अंशी त्यांच्या शब्दांतून. हत्ती, घोडे, तुताऱ्या, तोरणं. आई निर्मला पुरंदरे. त्यांचे भाऊ श्री. ग. माजगावकर हे 'माणूस'चे संपादक. निर्मलाताईंनी १९८१मध्ये 'वनस्थळी' सुरू केली आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना बालवाडी चालवण्याचं शिक्षण देण्यात आयुष्य घातलं. एका घरात एकाच वेळी ही दोन कामं चाललेली होती. एक भव्य, इतिहासातलं, हजारो प्रेक्षकांसमोरचं. दुसरं जमिनीवर मांडी घालून बसलेलं, चार वर्षांच्या शेंबड्या पोरांसमोरचं.

लेकीनं मुलांसाठी जी पुस्तकं केली ती दुसऱ्या कामाच्या वंशातली आहेत असं मला वाटतं. हे माझं वाचन आहे. त्यांनी स्वतः असं कुठे म्हटलं आहे, असा माझा दावा नाही. पण पुस्तकं समोर ठेवून बघा. ज्या घरात गडकोटांच्या गोष्टी आयत्या होत्या, त्या घरातली चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकते, पॅरिसला जाऊन शिकते, फ्रेंच शिकवते, पिकासोचं मराठी चरित्र लिहिते, नाटकं अनुवादित करते, गाते. आणि मुलांसाठी चित्र काढायला बसल्यावर काय काढते? मोडलेला हात. काकूला होणारं बाळ. शेजारी. मोठ्या शाळेचा पहिला दिवस. कंटाळा, चक्क. पुस्तकांची नावंच वाचा: 'हात मोडला', 'काकूचं बाळ', 'सख्खे शेजारी', 'मोठी शाळा', 'कंटाळा'. ही एखाद्या घरातल्या वर्षभराच्या घडामोडींची यादी आहे. इतक्या वैभवशाली विषयांच्या सावलीत वाढून इतके लहान विषय निवडायला बराच ठामपणा लागत असणार.

लोक चित्रकाराच्या बालपणाच्या आठवणी विचारतात तेव्हा त्यांना किस्से हवे असतात: लहानपणी मी भिंतीवर कोळशानं घोडा काढला आणि वडील म्हणाले वगैरे. पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांत 'मी लहान असताना' हा सूरच लागत नाही. 'आमच्या वेळी' नाही, हरवलेल्या वाड्यांचं हळहळणं नाही. सगळं वर्तमानात चाललेलं असतं. तरी ही पुस्तकं आठवणीशिवाय होणारी नव्हेत. मोठ्या माणसाला टेबलाची खालची बाजू दिसत नाही. ती काढायची तर कधीतरी टेबलाखाली बसलेलं असावं लागतं, आणि ते आठवत असावं लागतं. मला खरं स्मरणचित्र म्हणावंसं वाटतं ते हे.

इथे जपानच्या चिहिरो इवासाकी आठवतात. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी त्यांची चित्रं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहेत. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेल्या, नॅशनल बुक ट्रस्टच्या 'तोत्तोचान'मधली ती मुलं त्यांचीच. गंमत अशी की ती चित्रं त्या पुस्तकासाठी काढलेलीच नाहीत. चिहिरो १९७४मध्ये गेल्या. तेत्सुको कुरोयानागींचं पुस्तक आलं १९८१मध्ये. लेखिकेनं चिहिरोंच्या मागे राहिलेल्या चित्रांमधून आपल्या बालपणाला जुळणारी चित्रं शोधून काढली. दुसऱ्याच बाईनं दुसऱ्याच मुलांकडे बघून काढलेली चित्रं एखाद्याच्या आठवणींना इतकी फिट्ट बसतात, याचा अर्थ त्या बघण्यात किती नेमकेपणा असेल. दहा महिन्यांचं बाळ आणि वर्षाचं बाळ यांतला फरक त्या समोर मूल नसतानाही काढू शकत, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

चिहिरोंचं स्वतःचं लहानपण टोकियोतलं, सुखवस्तू. शेजारच्या घरी 'कोदोमो नो कुनी' नावाचं मुलांचं सचित्र मासिक त्यांनी पाहिलं आणि त्यातल्या चित्रांनी त्या भारावून गेल्या. पुढे युद्ध आलं. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात राहतं घर जळालं. युद्धानंतर दुसरं लग्न, १९५१मध्ये मुलगा झाला, आणि हाती पैसा नसल्यामुळे काही काळ त्या तान्ह्या मुलाला आजी-आजोबांकडे ठेवावं लागलं. पुढची वीस-बावीस वर्षं बाई मुलंच काढत राहिली. त्यांच्या चित्रांत कागदाचा बराचसा भाग कोरा असतो. रंग पाण्यात विरघळून कडेला थांबतो, आणि त्या पांढऱ्यात एक मूल पाठ करून उभं असतं. (सरांच्या पाठमोऱ्या बाईची आणि या पाठमोऱ्या मुलाची तुलना कुणी करू नये. या मुलाच्या पाठीकडे पाहून त्याचा चेहरा कळतो.)

पुरंदरे बरोबर उलट्या. त्यांना कोरा कागद मानवत नसावा. त्यांचं पान भरलेलं असतं, माणसांनी आणि सामानानं. जपानी चित्रकर्तीच्या पानावर मूल एकटं आहे आणि भोवती मोकळी हवा. मराठी चित्रकर्तीच्या पानावर मूल कधी एकटं नसतंच. कुणीतरी आत आहे, कुणीतरी दारात आहे, कुणाचं तरी काम अर्धवट पडलं आहे. आपल्या घरांत एकांत मिळत नाही ही तक्रार मीही पुष्कळदा केली आहे. पण मूल म्हणून जगाकडे बघायचं तर मध्ये सतत कुणाचा तरी पाय किंवा पदर येतो, ही आपल्याकडची खरी दृश्यरचना आहे, आणि ती या पुस्तकांनी अचूक पकडली आहे.

याचं सगळ्यात भरगच्च उदाहरण म्हणजे 'चित्रवाचन'. गजबजलेली दृश्यं, आणि गोष्ट सांगायला शब्द नाहीत. ज्याला अक्षर येत नाही त्यानंही वाचायचं पुस्तक. बालवाडीच्या जगाशी असलेलं नातं इथे उघड दिसतं. ज्यांच्या घरात पुस्तक नाही त्या मुलाला आधी अक्षर शिकवायचं, की आधी बघायला आणि बघितलेलं बोलायला शिकवायचं? या पुस्तकाचं उत्तर स्पष्ट आहे. पुरंदरे यांनीच संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'च्या चार भागांतही मोठ्या लेखकांचे उतारे आणि चित्रकारांची चित्रं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत, चित्र हे मजकुराचं शेपूट न होता. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४मध्ये मिळाला आणि २०१६मध्ये 'बिग लिटल बुक अवॉर्ड'. योग्यच झालं. पण त्यांच्यावर लिहिताना बहुतेक जण भाषेवर लिहितात आणि चित्रांना 'सुंदर' म्हणून पुढे जातात. त्यांची चित्रं 'सुंदर' या शब्दात मावत नाहीत. कित्येकदा ती मुद्दाम सुंदर होण्याचं टाळतात.

भाची चार वर्षांची असताना 'चित्रवाचन' घेऊन शिर्डीला आली होती. तिची आई, म्हणजे माझी ताई, चिंचवडला असते, पण सुट्टीभर आजीकडे राहिल्यामुळे पोरीच्या तोंडात आमची बोली बसलेली. बोट ठेवायची आणि विचारायची, "मामा, हा काय करू राहिला?" मी सांगायचो. मग पुढचं बोट. "आणि हा त्याच्याकडं कामून पाहू राहिला?" याचं उत्तर पुस्तकात नसतं. ते बनवावं लागतं. अर्ध्या तासात आम्ही एकाच पानावर होतो आणि त्या पानावरच्या दोन माणसांचं भांडण, त्यांचं गाव, त्यांच्या म्हशीचं नाव असं सगळं ठरलं होतं. फोनवर ती मिनिटाला तीन व्हिडिओ सरकवते. इथे सरकवायला काही नव्हतं, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

पण या भाचीमुळेच माझा आक्षेपही पक्का झाला. तिच्या मामाचं गाव शिर्डी आहे. मराठी बालसाहित्यात मामाचं गाव म्हटलं की विहीर, आमराई, बैलगाडी, अंगणात झोपणं. माझ्या भाचीच्या मामाच्या गावाला लिफ्ट आहे, रिसेप्शन काउंटर आहे, रात्री अडीच वाजता काकड आरतीच्या रांगेसाठी उठणारे परके लोक आहेत, आणि गुरुवारी पालखीमुळे रस्ता बंद असतो. पुरंदरे यांच्या पुस्तकांत खेडं येतं, शहर तर येतंच. पण या दोन्हींच्या मधलं जे गाव आहे, जिथे अर्धा महाराष्ट्र राहतो, ते मला त्यांत फारसं भेटलं नाही. तालुक्याच्या ठिकाणचं, बाजाराचं, देवस्थानाचं, हायवेच्या दोन्ही बाजूंनी पसरलेलं गाव. राधाचं घर हे बंद दार असलेलं घर आहे. पाहुणा बेल वाजवून येतो आणि चहा पिऊन जातो. आमच्याकडे पाहुणा आधार कार्ड दाखवून येतो आणि चेकआउट करतो. आमच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या सीझनमध्ये भाड्यानं जायच्या, आणि तेव्हा आम्ही भावंडं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झोपायचो. आपलं घर आपलं नसण्याची ही जी रोजची सवय आहे, ती मला कुठल्याच मराठी चित्रपुस्तकात दिसलेली नाही.

हा पुरंदरे यांचा दोष म्हणता येईल का? एका चित्रकारानं सगळ्यांची घरं काढावीत ही अपेक्षा वेडेपणाची आहे. त्यांनी जे पाहिलं ते काढलं, आणि त्याच्या खरेपणामुळेच त्यात काय नाही तेही स्पष्ट दिसतं. सरांच्या फुगेवाल्याबद्दल असा आक्षेप कुणी घेणार नाही, कारण तो कुठल्याच गावचा नव्हता. शिवाय हीही एक गोष्ट आहे की रोजचं आयुष्य फार लवकर शिळं होतं. इतिहासातला घोडा शंभर वर्षांनीही घोडाच असतो. पण घरातला फोन, टीव्ही, गॅसची शेगडी, आईची पर्स यांच्यावरून दहा वर्षांत तारीख कळते. 'राधाचं घर' वाचताना मला ते आजचं घर वाटलं नाही, माझ्या पिढीच्या लहानपणचं वाटलं. भाचीला मात्र ते तसं वाटत नाही. तिला राधा कळते. काळ वस्तूंमध्ये दिसतो, पण मुलाचं आईकडे खालून वर बघणं तेच राहतं, असं काहीतरी असावं.

आमच्या गावाबद्दल बाहेर सांगितली जाणारी प्रत्येक गोष्ट चमत्काराची आहे. पाण्यावर पेटलेल्या पणत्यांची गोष्ट मी पहिली ऐकली तेव्हा मला बोलताही नीट येत नसेल. मला त्या गोष्टीबद्दल तक्रार नाही, ती गोष्ट चांगलीच आहे. फक्त त्या गोष्टीत तेल नाकारणारे दुकानदार होते, आणि दुकानदारांच्या घरी पोरं असणार, आणि त्या पोरांनी त्या संध्याकाळी काय खाल्लं हे कुणी सांगितलं नाही.

ताईनं मागच्या दिवाळीत विचारलं, तू एवढं बोलतोस तर मग शिर्डीचं 'चित्रवाचन' कसं असेल ते सांग. मला चित्र येत नाही, मी यादी केली. पहाटे पाचची वेळ. डाव्या कोपऱ्यात फुलवाल्या मावशी गुलाबाच्या पेंड्या सोडतायत, त्यांचा मुलगा पोत्यावर झोपलेला. मध्ये राहात्याच्या पेरूंची हातगाडी, अजून ताडपत्रीखाली. रिक्षात मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपलेला रिक्षावाला. एक तेलुगू कुटुंब, त्यातल्या आजीच्या पायात एकच चप्पल, आणि सगळे दुसरी शोधतायत. चहावाल्याच्या पातेल्याची वाफ. लॉजच्या पायऱ्यांवर बादली घेऊन बसलेली बाई, तिच्या मांडीवर तिच्या मुलीचं दप्तर. वर गच्चीवर चादरी. चादरींच्या मागे पत्र्याची खोली, तिच्या खिडकीत एक पोरगं तोंडात ब्रश धरून खाली बघतंय.

यादी वाचून झाल्यावर भाचीनं विचारलं, "त्या आजीची चप्पल सापडली का?"